बिनफोडणीचे सोमवार

काचेच्या बुचाच्या आतल्या बाजूला वाफ जमून तिचे बारीक थेंब झाले होते. कडेचे लहान, मधले मोठे. त्यातले दोन एकमेकांच्या इतके जवळ आले होते की फ्लास्क जरा हलवला असता तर त्यांचा एक झाला असता. जागृतीने फ्लास्क उचलला, मानेला बोट न लावता तळाशी धरला आणि मनगटातून गोल फिरवला. दोन्ही थेंब एक होऊन काचेवरून घसरून गेले. मग तिने बूच काढलं, नाक काचेच्या तोंडाशी नेलं आणि श्वास आत ओढला. ऊब आली, ओलावा आला. बाकी काही आलं नाही. समोरच्या कागदावर वासाच्या तीव्रतेपुढे तिने शून्य लिहिलं आणि दुसरा फ्लास्क घेतला. पुन्हा ऊब, पुन्हा ओलावा. शून्य. दर वेळी या रांगेत एक फ्लास्क नुसत्या बिनवासाच्या पाण्याचा ठेवलेला असतो, कुणी आपल्या मनानेच वास लावतंय का ते कळावं म्हणून. तो कुठला, हे फक्त डेनीसला माहीत असतं. तिसराही तसाच निघाल्यावर जागृतीला वाटलं, आज डेनीसने एकाऐवजी तीन ठेवले असावेत. तिने मान वर केली. समोर ग्रेग डोळे मिटून बसला होता. त्याच्या शेजारची नवी मुलगी फ्लास्क नाकापासून लांब धरून पटापट काहीतरी लिहीत होती. चौथा फ्लास्क जागृतीने दोनदा हुंगला आणि पुन्हा शून्य लिहिलं.

"सांगा," डेनीस म्हणाली. "नंबर दोन."

"मातकट. पाच," ग्रेग म्हणाला. "तळघरात कुणीतरी बटाट्याचं पोतं विसरलंय."

"मातकट. चार," नवी मुलगी म्हणाली.

"जे?"

लॅबमध्ये जागृतीला सगळे जे म्हणतात. तिने आपल्या कागदाकडे पाहिलं. तिथे जे लिहिलं होतं तेच वाचायचं होतं.

"शून्य," ती म्हणाली.

"सर्दी आहे?"

"नाही."

"मग फिरकी घेतेयस आमची," ग्रेग म्हणाला. "लोकहो, लिहून ठेवा. जे ने आज पहिला जोक केला."

सगळे हसले. डेनीस हसली नाही. तिने उरलेले नंबर भराभर उरकले आणि नंतर जागृतीला आपल्या खोलीत नेऊन दार लोटून घेतलं. मग नव्या माणसांना शिकवण्यासाठीच्या लहान बाटल्या एकेक करून तिच्यापुढे धरल्या. लवंग. व्हॅनिला. कापलेलं गवत. कुजलेला कोबी. जागृतीने डोळे मिटले, प्रत्येक बाटलीला पुरेसा वेळ दिला. शेवटी डेनीसने अमोनिया धरला तेव्हा तिने झटकन मान मागे घेतली. डेनीसचा चेहरा उजळला, पण जागृतीने मान हलवली. अमोनिया झोंबतो, आणि झोंबणं म्हणजे वास नव्हे. त्याची नस वेगळी असते. हे डेनीसलाही माहीत होतं. हिवाळ्यात एकदा ताप येऊन गेला होता. मागच्या महिन्यात दूध करपलं तेव्हा तिचा नवरा कुशलच पळत स्वयंपाकघरात आला होता आणि ती शेजारी उभी राहून भाजी चिरत होती. दोन्ही गोष्टी तिने तेव्हा वेगवेगळ्या ठेवल्या होत्या.

"माझी आजी म्हणायची, देव एक दार लावतो तेव्हा खिडकी उघडतो," डेनीस म्हणाली. "मला ते कधीच पटलं नाही. लावलं की लावलं." मग म्हणाली, "पण तुझं बरं आहे, जे. तू जाणारच होतीस. कुशल पिकनिकला सांगत होता, नागपूरला घर तयार होतंय, वाचनालय उघडणार आहात. दर वर्षी म्हणतेस, एवढा शेवाळाचा सीझन होऊ दे. आता नाकच नाही म्हटल्यावर सीझन कसला? जा. मजा कर."

जागृती हो म्हणाली. असं कुणी आनंदाने सांगितलं की ती हो म्हणते.

प्राधिकरणाच्या इमारतीतून ती दुपारीच बाहेर पडली. गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिली. हे प्राधिकरण डेट्रॉइटला आणि त्याच्या भोवतीच्या कितीतरी गावांना पाणी पुरवतं. गावांची नगरमंडळं वेगळी, शाळा वेगळ्या, एकमेकांशी भांडणं जुनी, पण खालून नळ एकच. तळ्यातून आणि नदीतून पाणी उचलायचं, गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि ढकलायचं. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यात एका जातीचं शेवाळ माजतं आणि पाण्याला मातीचा वास येतो. त्याने अपाय काहीच होत नाही, पण लोकांचा नळावरचा विश्वास उडतो, आणि तो एकदा उडाला की परत बसायला वर्षं लागतात. तो वास ज्या द्रव्याचा, त्याचं नाव जिऑस्मिन. मशीनला ते सापडायला दुपार होते. नाकाला लगेच कळतं, तेही तरणतलावात चिमूटभर टाकल्याइतकं असलं तरी. म्हणून दर मंगळवारी सकाळी माणसं गोल बसून पाणी हुंगतात, आणि त्यांनी सांगितलं की वरच्या मजल्यावर वास शोषणारी कोळशाची पूड पाण्यात किती घालायची ते ठरतं. मंगळवारी अत्तर नाही, साबण बिनवासाचा, कॉफी नाही. आदल्या दिवशी लसूण, हिंग, कांदा काही नाही. इतकी वर्षं त्यांच्या घरी सोमवारी वरणाला फोडणी पडलेली नाही. मुलगी रुही लहानपणी शाळेत सांगायची, मंडेज आर यलो अँड सॅड.

त्या सोमवारांवरून एकदा गंमत झाली होती. ट्रॉय या उपनगरातल्या रेखाताईंनी कुणाच्या तरी वाढदिवसाला पाहिलं की जागृती नुसता दहीभात घेते, भज्यांना हात लावत नाही. "सोमवार करता वाटतं?" त्यांनी विचारलं. "सोळा की कायमचे?"

"कायमचेच म्हणायचे," जागृती म्हणाली होती.

"कशासाठी हो? मुलीसाठी?"

"पाण्यासाठी."

तिला वाटलं होतं, पुढे त्या विचारतील आणि मग आपण समजावून सांगू. रेखाताईंनी विचारलं नाही. त्यांनी नुसते डोळे मोठे केले आणि ते व्रत चार घरी सांगितलं. पुढच्या एका सोमवारी त्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन दारात उभ्या. आत आल्या, बैठकीत बसल्या, भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेब, निळ्या कोटातले. "अच्छा," रेखाताई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही..." ते वाक्य तिथेच राहिलं. पाणीही न पिता त्या उठल्या. घाईत आहे म्हणाल्या. डबा मागायला त्या परत कधी आल्या नाहीत. तो स्टीलचा, कडीचा डबा अजून कपाटात आहे. कुशल कधीकधी तो काढून वाजवतो. "साऱ्या मिशिगनमध्ये तू एकटी, जिला महादेवाने न मागता खिचडी पाठवली," तो म्हणतो. कुशलला अशा गोष्टींवर हसता येतं. तो हसतो आणि मग आठवडाभर इंदोऱ्यातल्या अभ्यासिकेसाठी खुर्च्यांचे नमुने बघत बसतो.

ती अभ्यासिका खरी होती. नागपुरात इंदोऱ्यात, कुशलचा भाऊ मोरेश्वर याच्या जागेवर, खाली मुलांनी बसून वाचायचं, वरच्या मजल्यावर या दोघांनी राहायचं. ॲन आर्बरच्या विद्यापीठात विद्यार्थी असताना, एका खोलीच्या घरात जमिनीवर गादी टाकून, दोघांनी ठरवलं होतं की पन्नाशीला परत. समाजाने शिकवलं, समाजाला परत द्यायचं. हे वाक्य त्यांच्यापैकी कुणीच नव्याने बनवलं नव्हतं; ते दोघांच्याही घरात पिठाच्या डब्यासारखं आधीपासून होतं. पन्नाशी गेली, कारण रुहीचं कॉलेज होतं. साठी गेली. कुशल मोटारीच्या कंपनीतून निवृत्त झाला आणि त्याने बांधकाम सुरू करवलं. तेव्हापासून जागृती म्हणते आहे, एवढा सीझन होऊ दे. ते खोटंही नव्हतं. ऑगस्ट-सप्टेंबरात हुंगणाऱ्यांच्या पॅनेलला तिचंच नाक आधी कळवायचं. ग्रेगला वास चारवर गेल्यावर कळायचा, तिला दोनवरच. कारण बाकीचे मातकट म्हणत आणि बटाट्याचं पोतं, तळघर, बीट असलं काहीतरी आठवत. तिच्या मनातला शब्द वेगळा होता आणि तो तिने कधी कुणाला सांगितला नव्हता. तो वास तेंदूच्या पानांचा होता.

नागपुरात पाचपावलीतल्या त्यांच्या एकाच खोलीच्या घरात आई विड्या वळायची. जाईबाईच्या विड्या एकसारख्या असतात असं कारखान्याचा मुकादमही म्हणायचा. तेंदूची पानं संध्याकाळी पाण्यात भिजवून, निथळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळी कात्रीखाली मोडत नाहीत. ते गोणपाट जागृतीच्या उशाशी असायचं, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. त्यातून येणारा वास थंड होता. जंगलाचा, तळाच्या मातीचा, जरासा गोड. त्या वासात ती झोपायची, त्याच वासात आवर्तसारणी पाठ करायची. पुढे इथे, या लॅबमध्ये, पहिल्यांदा तिच्यापुढे शुद्ध जिऑस्मिनचा फ्लास्क धरला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि डेनीसने काळजीने विचारलं होतं, तुला ॲलर्जी आहे का? जागृती हो म्हणाली होती. आई गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेवाळ फार होतं. दर मंगळवारी ती फ्लास्कवर वाकायची आणि दर मंगळवारी गोणपाट उघडायचं. तिने त्या वर्षी एकही सुट्टी घेतली नाही. लोक म्हणाले, कामात मन रमवतेय. ते फार चुकीचं नव्हतं.

गाडी सुरू करून ती उत्तरेकडे निघाली. मोठ्या रस्त्याने न जाता आतल्या रस्त्याने. सुरुवातीची काही वर्षं तिच्याकडे तक्रारींचं काम होतं. पाण्याला वास येतो असा फोन आला की बाटल्यांची पेटी घेऊन त्या घरी जायचं, स्वयंपाकघरातला नळ सोडायचा, हुंगायचं. हा सगळा प्रदेश ती स्वयंपाकघरांवरून ओळखते. त्या कोपऱ्यावरच्या विटांच्या घरात एक पोलिश म्हातारी होती. ती नळाखाली आधी लिंबू पिळायची आणि मग म्हणायची, बघ, लिंबाचा वास येतो. पुढच्या गल्लीत येमेनी कुटुंब, तिथे चहा घेतल्याशिवाय बाटली भरू देत नसत. वर ट्रॉयमध्ये संगमरवरी ओट्यामागे उभा असलेला एक वकील होता. तो ठामपणे म्हणाला होता की हे खाली शहरातलं पाणी आहे, त्याच्या गावचं नाही. आणि त्याच सकाळी ती शहरातल्या ज्या बाईंकडे जाऊन आली होती, त्या म्हणाल्या होत्या, चांगलं पाणी वर पाठवतात आणि आम्हाला उरलेलं. दोन्ही नमुने तिने शेजारी शेजारी तपासले. एकच नळ, एकच पाणी, एकच वास. त्या शहरातल्या बाई काळ्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, पायाने अधू. त्यांनी आपल्या पेल्यात पाणी भरलं, पेला जागृतीपुढे धरला आणि म्हणाल्या, आधी तू पी. जागृतीने तो घेतला, अर्धा प्यायला आणि परत दिला. बाईंनी उरलेला अर्धा पिऊन टाकला, न धुता. त्या घराच्या जागी आता गवत आहे. जागृतीने गाडी हळू केली. शेजारचं घरही नव्हतं, पण फुटपाथच्या कडेला पाण्याच्या जोडणीचं लोखंडी झाकण होतं. ते कुणी काढत नाही.

तिची आजी हे झाकण कशाचं ते समजू शकली नसती. आजीच्या गावात ओंजळ धरून बसायचं आणि कुणी वरून ओतलं तर प्यायचं. हे जागृतीने पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं आहे. पण ॲन आर्बरला पहिल्या आठवड्यात, रसायनशास्त्राच्या इमारतीच्या लांब बोळात भिंतीला लावलेलं पाण्याचं यंत्र दिसलं तेव्हा तिचे हात आपोआप ओंजळीसारखे झाले होते. कळ दाबली की पाण्याची कमान उठायची. पुढचा एक मुलगा नुसता वाकून, तोंड लावल्यासारखं करून प्यायला आणि निघून गेला. तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तीही वाकली. पाणी इतकं गार होतं की दातातून कळ गेली. ती प्यायली, तोंड पुसलं आणि पुन्हा प्यायली, आणि नंतर वर्गात पहिल्या तासाला तिला काहीच ऐकू आलं नाही. बाहेर बर्फाचा राखाडी चिखल होता. मुलं सायकली ढकलत नेत होती. तिचा कोट कुणीतरी दिलेला, दोन माप मोठा, आणि त्याला मागच्या मालकाच्या सिगारेटचा वास होता. ग्रंथालयाच्या तळघराला ओल्या लोकरीचा, बसला डिझेलचा आणि लोकांच्या श्वासांचा. कुशल भेटला त्या खोलीत सारखा करपलेल्या टोस्टचा वास असायचा. लाल दिव्यावर गाडी थांबली तेव्हा जागृतीच्या लक्षात आलं की ती मघापासून गेलेल्या वासांची मोजदाद करते आहे, आणि त्यातले पाचपावलीचे थोडे आहेत. जास्त इथले आहेत. हे तिला आधी कधी दिसलं नव्हतं. मन भरून येतं म्हणजे ते नागपूरसाठीच, असं ती धरून चालली होती. तपासलं नव्हतं.

मागच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती पुढे निघाली.

आई एकदाच इथे आली होती. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला आणि कान लावला. पाचपावलीच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. पाणी येण्याआधी त्यातून हवा फुसफुसायची आणि आईला ती अंथरुणात ऐकू यायची. इथे हवा नव्हती. "हे रातीबी येते?" तिने विचारलं. "येते," जागृती म्हणाली. "दिवसभर?" "दिवसभर." आईने मान डोलावली आणि झोपण्याआधी घरातली सगळी भांडी भरून ठेवली, कढया, पातेली, रुहीची दुधाची बाटलीसुद्धा. रोज रात्री. जागृती सकाळी झाडांना ओतून ती रिकामी करायची आणि दोघी त्याबद्दल काही बोलायच्या नाहीत. एके दिवशी आई तिच्याबरोबर लॅब बघायला आली. डेनीसने तिला पांढरा कोट घातला, ग्रेगने खुर्ची दिली, कुणीतरी कॉफी आणली. परत येताना गाडीत आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "इथं तुले कोणी पुसत नाही ना, कोनाची पोर म्हणून?"

"नाही, आई."

"पानी नेऊन देते आन कोनी पुसत नाही."

"नाही पुसत."

"मंग बरं आहे," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हा रेखाताईंचा डबा अजून यायचा होता. पण तो आला त्यानंतरही जागृतीला आईचं बोलणं खोटं ठरलं असं वाटलं नाही. पुसणारे इथेही पोचले होते. नळाने मात्र पुसलं नव्हतं, आणि तो नळ चालू ठेवणाऱ्यांत ती होती.

घरासमोर गाडी उभी करून ती पुन्हा बसून राहिली. आता तिने ते नीट मांडलं, एखाद्या प्रयोगासारखं. इतकी वर्षं जायचं राहिलं, त्याचं कारण सीझन, आणि सीझनचं कारण नाक. आज नाक काढून घेतलं गेलं. कारण काढलं की परिणाम जायला हवा. जायचं नाही असं जे आत होतं ते सकाळी फ्लास्कबरोबरच ओतून जायला हवं होतं, डेनीसला वाटलं तसं. ते गेलं नव्हतं. ते जिथल्या तिथे होतं, आधीपेक्षा स्वच्छ, वर काही न पांघरलेलं. म्हणजे नाक हे कारण नव्हतंच. उद्यापासून ती पॅनेलवर नसेल. तरी मशीनं होती, शिकवायला माणसं होती, आणि तेही संपलं तरी हे रस्ते होते, ज्यांच्या खाली काय आहे ते तिला माहीत होतं. याला समाजाचं काम म्हणता येईल का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला ठेवला. कुशलसमोर मांडायला तो बरा दिसला असता. पण खरी गोष्ट इतकीच होती की तिला जायचं नव्हतं. पाचपावलीची ती खोली पाडून तिथे फ्लॅट झाले. नळ काढला. तेंदूची पानं आता नागपुरातही कुठे मिळतील ते तिला माहीत नव्हतं, आणि मिळाली तरी तिला ती नुसती ओली लागली असती. कुशलचं नागपूर पुढे होतं, खुर्च्या, मुलं, दिवे. तिचं मागे होतं, आणि ते ती इथे बसून जितकं बघू शकत होती तितकं तिथे जाऊन दिसलं नसतं. हे तिला कधीचं माहीत होतं. तोंडाने ते एकदाही काढलेलं नव्हतं, कारण कुशल चांगला माणूस होता आणि त्याचं काम चांगलं होतं. चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं, हे तिच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

आत कुशल ओट्याशी उभा होता. मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाक त्याचा, सोमवारचं उट्टं काढायचा. तेल धुरावलं होतं, त्यात लसूण लाल होत होता. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, कुशल खोकला. जागृती दारात उभी राहून बघत होती. आवाज सगळा आला. धूर दिसला, खिडकीकडे वाकडा होऊन गेला. मिरचीने घशात खवखवलं. बाकी घर कागदावर छापल्यासारखं होतं.

"डेनीसचा फोन आला होता," कुशल पाठमोराच म्हणाला. "तुझ्या आधी. म्हणाली, तिच्याकडे लक्ष ठेव, ती ठीक आहे म्हणेल." त्याने गॅस बारीक केला, वळला, हात पुसले. "काहीच नाही येत?"

"काहीच नाही."

"हेसुद्धा नाही? एवढा लसूण घातला मी."

"मिरची लागली घशाला."

तो जवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या हाताला काय वास येत असेल ते तिला माहीत होतं. तिने तो आठवून घेतला. ओट्यावरचा फोन वाजला. शॉमबर्गहून रुही. कुशलने स्पीकर लावला.

"आई, बाबा टोल्ड मी. आर यू ओके? डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली का?"

"घेते उद्या."

"ओके, गुड. अँड लुक, वन गुड थिंग. नाऊ यू कॅन गो, नो? नो मोर अल्गी. बाबा मस्ट बी बुकिंग तिकीट्स ऑलरेडी."

"डिसेंबरचं बघतोय," कुशल म्हणाला. "तू पण ये उद्घाटनाला. भाषण ठोक मराठीत."

"बाबा, प्लीज. माय मराठी इज फक्त जेवण." ती हसली. मग म्हणाली, "आई? यू वेन्ट क्वाएट."

"मी असते तशीच आहे."

"नो. धिस इज अ डिफरंट क्वाएट," रुही म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी हाक मारली. "उद्या कॉल करते. बोल ना बाबांशी, आई. ओके? बाय."

कुशलने फोन बाजूला ठेवला. मग त्याने खण उघडून शोधाशोध केली आणि मोजपट्टी काढली, पिवळी, पोलादी, मोटारीच्या कंपनीतली. "हे एक करून टाकू," तो म्हणाला. "मोरेश्वरचा मेसेज आलाय. सकाळी मिस्त्री ओटा घालणार, उंची विचारतोय. मी म्हटलं, वहिनीच्या कोपराचं माप पाठवतो. नाहीतर तिथले लोक आपल्या हिशोबाने घालून मोकळे होतील आणि तुझी पाठ धरेल. चप्पल काढ. सरळ उभी राहा."

ती चप्पल काढून भिंतीला टेकून उभी राहिली. कुशल गुडघे दुखतात म्हणत खाली बसला, पट्टीचं टोक तिच्या टाचेशी धरलं आणि पट्टी वर ओढत उठला. त्याचे केस मागे विरळ झाले होते. पट्टी तिच्या पायाला, मग मांडीला, मग कंबरेला गार लागत वर आली. "हात वाकव," तो म्हणाला. "पोळी लाटतेस तसा." तिने हात वाकवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, आकडा वाचायला डोळे बारीक केले, आणि तो अगदी जवळ आला तेव्हा जागृतीला त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद दिसला. मोठा नव्हता, एखादं काम शेवटी हातावेगळं होतंय याचा. ती आणखी एक क्षण थांबली असती तर तो आकडा मोठ्याने म्हणाला असता, आणि मग तो नागपूरला गेला असता, सिमेंटमध्ये बसला असता.

"कुशल," ती म्हणाली, "ओटा तुझ्या मापाचा घालायला सांग."

"म्हणजे? पोळ्या मी लाटू तिथे?"

"हो," जागृती म्हणाली. "मी तिथे राहायला येणार नाही. या डिसेंबरात नाही आणि पुढेही नाही. मी इथेच राहणार आहे."